अनुदान जाईल म्हणून नोकरी नाकारावी का?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे वय २९ वर्षे असून डाव्या पायात लहानपणापासून अस्थिव्यंग आहे आणि प्रमाणपत्रावर ६० टक्के दिव्यांगत्वाची नोंद आहे. त्या बी.कॉम. झाल्या आहेत, त्यांना टॅली येते. वडील हयात नाहीत, आई विड्या वळते आणि भाऊ लग्नानंतर वेगळा राहतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्यांना दरमहा रक्कम मिळते. शालेय गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याने त्यांना आता बिलिंगच्या कामासाठी दरमहा ११,००० रुपये देऊ केले आहेत. भावाचे म्हणणे असे की हमखास मिळणारे सरकारी पैसे सोडू नयेत, कारण कारखाना उद्या बंद पडला तर दोन्हीकडून हात रिकामे राहतील. कागदपत्रांची कामे करून देणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवले आहे की नोकरी धरावी आणि तहसीलमध्ये काही कळवू नये. आई म्हणते की राखीव जागेवरच्या सरकारी नोकरीसाठी घरी बसून अभ्यास करावा. एका नातेवाइकाने कर्ज काढून झेरॉक्सचे दुकान टाकण्याचा सल्ला दिला आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, ‘मी पगार घेऊ लागले तर मी दिव्यांग नाहीच, असे सरकार म्हणेल का? मग पुढे कधी अडचण आली तर मी कोणाच्या दारात उभी राहू?’

ताई,

तुमच्या पत्रात शेवटी आलेला प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्या भीतीचे मूळ तिथेच आहे. नोकरी धरल्याने कोणाचे दिव्यांगत्व संपत नाही आणि कायदाही तसे मानत नाही. तुमचे प्रमाणपत्र डॉक्टरांनी पाय तपासून दिलेले आहे. त्यावरचे ६० टक्के हे पायाच्या स्थितीचे मोजमाप आहे, घरात येणाऱ्या पैशांचे नव्हे. अनुदान मात्र तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेतून मंजूर होते आणि ते देताना दिव्यांगत्व आणि उत्पन्न अशा दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात. पगार सुरू झाला की यातली दुसरी बाजू बदलते, पहिली जिथल्या तिथे राहते. म्हणून ४० ते ७९ टक्के दिव्यांगत्वासाठी मिळणारे पिवळ्या पट्ट्याचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, तुमच्याकडे राहणारच आहे, एसटीच्या तिकिटातील ७५ टक्के सवलत राहणार आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ३४ प्रमाणे सरकारी नोकऱ्यांत असलेल्या किमान ४ टक्के आरक्षणावरचा तुमचा हक्कही तसाच राहणार आहे. खासगी कारखान्यात बिले करणारी मुलगी या आरक्षणातून अर्ज करू शकत नाही, असे कोणत्याही नियमात नाही. नोकरीमुळे धोक्यात येणारी गोष्ट म्हणजे फक्त उत्पन्नाच्या अटीवर मिळणारी मदत. ही सीमारेषा एकदा नीट ओळखली की तुमचा प्रश्न पत्रात वाटतो तेवढा अक्राळविक्राळ राहत नाही.

आता भावाच्या ‘हमखास’ या शब्दाकडे वळते. त्याच्या बोलण्यामागे काळजी आहे आणि ती खोटी नाही. ज्या शहराने गिरण्या बंद पडताना पाहिल्या, यंत्रमाग भंगारात जाताना पाहिले, तिथल्या माणसाला कारखान्याच्या पगाराचा भरवसा वाटत नसेल तर त्याला दोष देता येणार नाही. पण अनुदान तरी तो समजतो त्या अर्थाने हमखास आहे का, हेही तपासून पाहा. ही योजना १९८० पासून चालू आहे. तिची रक्कम दीर्घकाळ तुटपुंजी राहिली. ती २०१९ मध्ये १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली आणि २०२५ मध्ये शासनाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० केली. ही वाढ योग्यच होती आणि ती खूप आधी व्हायला हवी होती. तरीही ते चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, उत्पन्नाची पडताळणी होते, बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि यातले एक काही अडले की हप्ता थांबतो. महिना उलटून गेला तरी पैसे आले नाहीत म्हणून बँकेत पासबुक भरून पाहणारी किती माणसे आहेत, हे तुमच्या गल्लीतही तुम्हाला दिसत असेल. शिवाय उत्पन्नाची अट फक्त तुमच्या पगाराला बांधलेली नाही, ती कुटुंबाच्या उत्पन्नाला बांधलेली आहे. म्हणजे तुम्ही घरी बसूनही हे अनुदान कायमचे तुमचे होत नाही.

हे लिहिताना मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल. अनुदान घेणे यात कमीपणा काही नाही. तुमच्या पत्रात ‘सरकारवर ओझे’ असे शब्द आले आहेत, ते काढून टाका. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ ने सामाजिक सुरक्षेची जबाबदारी शासनावर टाकली आहे आणि दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी असेही सांगितले आहे, कारण दिव्यांग माणसाला तेवढेच आयुष्य जगायला जास्त खर्च येतो हे कायद्याने मान्य केले आहे. म्हणून नोकरी धरावी हे मी सांगणार आहे ते तुम्ही ‘स्वाभिमानी’ व्हावे म्हणून नव्हे. अनुदान घेतानाही तुम्ही स्वाभिमानीच होता.

हिशेब मांडू या. ११,००० आणि २,५०० हे आकडे शेजारी ठेवले की फरक ८,५०० चा वाटतो, पण तो तेवढा नाही. कारखान्यात नियमाप्रमाणे भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर पूर्ण पगारावर १२ टक्के, म्हणजे १,३२० रुपये त्यात जातील. राज्य कामगार विम्याचा तुमचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे ८३ रुपये. हातात साधारण ९,६०० रुपये येतील. तुम्हाला बसच्या पायऱ्या चढणे आणि पुढे चालत जाणे जमत नाही, त्यामुळे रिक्षाचा खर्च तुमच्याच अंदाजाप्रमाणे महिन्याला दीड हजार धरला तर ८,१०० उरतात. त्यातून सुटणारे अनुदान वजा करा. खरी वाढ ५,६०० रुपयांच्या आसपास आहे. रेशनही लक्षात घ्यायला हवे. शहरी भागात रेशनचे धान्य मिळणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंबा’साठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे आणि तुमचा एकटीचा वार्षिक पगारच १,३२,००० होतो, म्हणून आई आणि तुम्ही अशा दोघींचे मिळून महिन्याला जे दहा किलो धान्य येते तेही पुढे बंद होऊ शकते. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली असल्यामुळे दवाखान्याचा आधार त्यामुळे जाणार नाही. एवढे सगळे वजा करूनही महिन्याला पाच हजारांच्या वर रक्कम वाढते. शिवाय फंडात तुमच्या १,३२० रुपयांसोबत मालकाचाही वाटा जमा होत राहतो. विड्यांच्या कारखान्याचा फंड म्हणजे काय हे तुमच्या आईला कोणी समजावून सांगायला नको, त्यामुळे हा भाग तुम्ही तिच्यासमोर मांडा. तिला तो तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर पटेल.

या हिशेबातून योजनेतला दोषही दिसतो आणि त्याबद्दल मला मनापासून राग आहे. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये. या रकमेच्या थोडे वर गेले की मदत पूर्ण बंद, आणि खाली राहिले तर पूर्ण चालू. मधली पायरी नाही. शिवणकामातून किंवा घरगुती जोडकामातून पाच हजार मिळवू पाहणाऱ्या बाईने मेहनत करून स्वतःचे नुकसान करून घ्यावे अशी ही रचना आहे. त्याच कायद्याचे कलम १९ शासनाला दिव्यांगांच्या व्यवसाय प्रशिक्षणासाठी आणि रोजगारासाठी योजना करायला सांगते. रोजगाराची योजना ज्या माणसाला कामाकडे बोलावते, त्यालाच अनुदानाची अट घरी बसायला सांगते. पगार वाढेल तसे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी व्हावे, आणि नोकरी सुटली तर जुनी मंजुरी नव्या फेऱ्यांशिवाय पुन्हा चालू व्हावी, एवढे दोन बदल झाले तर तुमच्यासारखी पत्रे निम्म्याने कमी होतील. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. अनुदानाची अट आणि रोजगाराची योजना एका टेबलावर आणून तपासण्याचे काम या विभागाने अंगावर घेतले पाहिजे. तोपर्यंत आहे त्याच नियमांत वाट काढायची आहे, आणि ती निघते.

ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलेली गप्प राहण्याची वाट मात्र घेऊ नका. त्यांचा सल्ला अनेकजण पाळतात हे मला माहीत आहे, आणि बेताच्या उत्पन्नाच्या घरात २,५०० चा मोह होणे माणसाला न शोभणारे आहे असेही मी म्हणणार नाही. पण या मोहाची किंमत तुम्हाला एकटीलाच मोजावी लागेल. तुमचा पगार बँकेत जमा होईल, फंडाच्या आणि विम्याच्या नोंदी आधार क्रमांकावर होतील, आणि अनुदानही त्याच आधार क्रमांकावर येते. या नोंदी आज ना उद्या एकमेकांसमोर येतीलच. मग घेतलेल्या रकमेची वसुली लागू शकते. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्याचे सिद्ध झाले तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याहून मोठे नुकसान दुसरे आहे. बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्यांमुळे खऱ्या दिव्यांगांकडेही संशयाने पाहिले जाते, अशा दिवसांत तुमच्या अस्सल प्रमाणपत्राशेजारी एक खोटा उत्पन्नाचा दाखला जाऊन बसावा, हे तुमच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला महागात पडेल. राखीव जागेवर निवड झाल्यावर कागदपत्रांची छाननी होते. त्या वेळी तुमच्या फाइलमध्ये लपवण्यासारखा एकही कागद नसावा.

म्हणून माझे मत असे आहे की नोकरी धरावी, मात्र ती कशी आहे हे आधी पाहावे. मी वर मांडलेला हिशेब नियमाप्रमाणे चालणाऱ्या कारखान्याचा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तर कामगार विमा आणि वीस किंवा अधिक असतील तर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. गणवेशाच्या व्यवसायात हंगामात माणसे वाढतात आणि नंतर कमी होतात, शिवाय काही ठिकाणी अर्धा पगार बँकेत आणि अर्धा रोख असा व्यवहार चालतो. नेमणुकीचे पत्र मिळणार का, महिन्याची पगारपत्रक-पावती मिळणार का, फंड आणि विमा पहिल्या दिवसापासून का तीन महिन्यांनी, शाळा सुरू झाल्यावर जून-जुलैनंतरही हे काम राहणार का, हे चार प्रश्न तुम्ही संकोच न करता विचारा. बिलिंगच्या माणसाने हिशेब विचारला तर चांगल्या मालकाला बरेच वाटते. उत्तर ‘सात हजार रोख, बाकी नंतर बघू’ असे आले तर माझा सल्ला बदलेल. तेव्हा रिक्षा आणि अनुदान वजा जाता हातात तीन हजार उरतील आणि त्यामागे विमाही नसेल, फंडही नसेल. तशा नोकरीसाठी अनुदान सोडण्याची घाई करू नका. दुसरी नोकरी शोधा. राज्य शासनाच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर नोंदणी करा आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात स्वतः जाऊन दिव्यांग उमेदवार म्हणून नोंद झाली आहे ना, हे तपासून घ्या.

विम्यावर मी एवढा भर देते आहे, त्याला कारण आहे. आजारपणात कामावर जाता आले नाही तर ठरावीक वर्गणीचे दिवस भरलेल्या विमाधारकाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. आईच्या उपचारांसाठीही त्याचा उपयोग होऊ शकतो आणि सोलापुरात कामगार विम्याचे रुग्णालय आहे. साधारण कामगारासाठी या विम्याची पगारमर्यादा २१,००० असताना दिव्यांग कामगारासाठी ती २५,००० ठेवली आहे. त्यामुळे पुढे पगार वाढला तरी तुमचे छत्र लवकर जाणार नाही. भाऊ ज्याला सुरक्षितता म्हणतो तिचा मोठा भाग खरे तर इथे आहे, आणि तो अनुदानात नाही.

कामाच्या जागेबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिलेली नाही, याची मला काळजी वाटली. बसायचे तळमजल्यावर की वरच्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? स्वच्छतागृह किती अंतरावर आणि कसे आहे? भारतीय बैठकीचे असेल तर तुमच्या पायाला ते दिवसातून तीन-चार वेळा झेपेल का? अनेक मुली पहिल्या महिन्यात पाणी पिणे कमी करतात आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी सोडतात, आणि घरचे म्हणतात की तिला जमले नाही. ही अडचण पायाची नसते, इमारतीची असते. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी कोणत्या सोयी आहेत हे नोंदवायचे आहे. मालकासमोर कायद्याचे कलम वाचून दाखवण्याची गरज पडू नये. बिलिंगचे टेबल खाली आणावे, एका स्वच्छतागृहात कमोड आणि धरायला दांडी बसवावी, हे काम काही हजारांत होते. रुजू होण्याआधी मागितले तर ते बहुधा होते. रुजू झाल्यावर तीच मागणी तक्रार वाटू लागते.

आता परतीची वाट. तुम्ही विचारले आहे की कोणाच्या दारात उभी राहू. उत्तर असे की त्याच तहसील कार्यालयाच्या, आणि त्यासाठी आज जाताना दार नीट लावून जायचे. नोकरीचा पहिला पगार झाल्यावर अनुदान थांबवण्याचा लेखी अर्ज द्या. पात्रता संपल्याचे तुम्ही स्वतः कळवल्याची नोंद फाइलला राहू द्या. उद्या नोकरी गेली तर त्याच फाइलचा संदर्भ देऊन नवा अर्ज करता येतो. सोबत नोकरी सुटल्याचे पत्र आणि नवा उत्पन्नाचा दाखला जोडायचा. उत्पन्नाचा दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे तुमचा हक्क आहे आणि उशीर झाला तर त्यावर अपील करता येते. नवी मंजुरी समितीसमोर जाऊन यायला काही महिने लागतील असे धरूनच चाला. म्हणून नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत दरमहा २,५०० रुपये, म्हणजे जणू अनुदान अजून चालूच आहे असे समजून, पोस्टाच्या बचत खात्यात बाजूला टाका. सहा महिन्यांत १५,००० होतील. नोकरी अचानक सुटली तर नवे अनुदान सुरू होईपर्यंतचा काळ त्यातून निघेल. भावाला समजवायचे असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, या खात्याचे पासबुक त्याच्यासमोर ठेवा.

बँकेच्या बाबतीत एक बारीक पण महत्त्वाची सूचना करते. शासनाची रक्कम ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडलेला असेल त्या खात्यात जाते. कारखान्याने पगारासाठी नवे खाते उघडताना आधार त्याला जोडला गेला, तर अनुदानाचे उरलेले हप्ते जुन्या खात्यात दिसणार नाहीत आणि विनाकारण धावपळ होईल. दोन्ही खात्यांची पासबुके तपासल्याशिवाय हप्ता थांबला असे समजू नका.

आईचे म्हणणे मी थोडक्यात घेते. सरकारी नोकरीची आस ठेवणे चुकीचे नाही. चुकीचा आहे तो त्यासाठी घरी बसण्याचा भाग. महाराष्ट्रात दिव्यांग उमेदवारांना शासकीय भरतीसाठी ४५ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. तुमच्या हातात आणखी सोळा वर्षे आहेत. ४ टक्क्यांतला १ टक्का अस्थिव्यंग आणि त्या गटातील इतर दिव्यांगत्वांसाठी आहे, म्हणजे एखाद्या भरतीत जागा मोजक्याच निघतात, आणि त्या नेमक्या कधी निघतील हे तुमच्या अभ्यासावर अवलंबून नसते. सकाळी दीड तास अभ्यास करून लेखा शाखेच्या, लिपिकाच्या परीक्षा देत राहा. हिशेबाचा रोजचा सराव कामावर होईल आणि परीक्षा अर्जाचे पैसे तुमच्याच पगारातून निघतील. २९ व्या वर्षी कोऱ्या राहिलेल्या अनुभवाच्या रकान्यापेक्षा ३२ व्या वर्षी भरलेला रकाना खासगी मुलाखतीतही उपयोगी पडेल.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल मी सध्या नको म्हणेन. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांग अर्जदार विशेष गटात येतो. स्वतःचा वाटा ५ टक्के भरावा लागतो आणि अनुदान शहरी भागात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के मिळते. महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडूनही स्वयंरोजगारासाठी कर्ज मिळते. या योजना चांगल्या आहेत, पण त्यांच्याबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे की अनुदान म्हणजे हातात पडणारे पैसे. दोन लाखांचा प्रकल्प शहरात टाकला तर दहा हजार तुमचे, एक लाख नव्वद हजार बँकेचे कर्ज. त्यातले पन्नास हजारांचे अनुदान तीन वर्षे ठेव म्हणून बँकेतच राहते आणि व्यवसाय चालू असेल तर नंतर कर्जात वळते होते. कर्जाचे हप्ते तुम्हालाच भरायचे असतात. ज्या रस्त्यावर आधीच चार झेरॉक्स दुकाने आहेत तिथे पाचवे टाकण्यासाठी हे ओझे घेऊ नका. दोन वर्षे गणवेशाच्या धंद्यात बिले करा. कापड कोणाकडून येते, शाळा पैसे किती महिन्यांनी देतात, उधारी कुठे अडकते, हे सगळे तुमच्या संगणकावरून जाईल. त्यानंतरही व्यवसाय करावासा वाटला तर जिल्हा उद्योग केंद्रात तुम्ही जो प्रकल्प अहवाल घेऊन जाल तो नातेवाइकाच्या सूचनेवरून लिहिलेला नसेल.

याच विषयावरची आणखी काही पत्रे माझ्यासमोर आहेत. त्या वाचकांनी वरचा मजकूर स्वतःला लावताना फरक ध्यानात घ्यावा. ज्यांचे दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक आहे आणि घर दारिद्र्यरेषेखाली आहे, त्यांच्या मदतीत केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचा वाटा असतो. त्यांच्यासाठी तीन-चार हजारांच्या नोकरीचा हिशेब तुमच्यापेक्षा वेगळा बसतो आणि सोबतीला माणूस लागत असेल तर त्याची मजुरीही मांडावी लागते. यंत्रमागावर बोटे किंवा हात गमावलेल्या कामगाराने थेट अनुदानाच्या रांगेत उभे राहू नये. आधी कामगार विम्याचा अपंगत्व लाभ, आणि विमा नसेल तर कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली मालकाकडून मिळणारी भरपाई, या दोन हक्कांची चौकशी करावी, कारण ती रक्कम बहुतेकदा अनुदानापेक्षा खूप मोठी असते. सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्यांना दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे कामावरून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही, त्यामुळे त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून स्वतःहून राजीनामा लिहून देऊ नये. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुला-मुलींच्या पालकांनी राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घातले आहे का, ते पाहावे. त्यात एक लाखापर्यंत उपचार-खर्चाचे संरक्षण आहे आणि खुल्या बाजारात असा विमा या मुलांना सहज मिळत नाही. जिथे अधिकारी ऐकून घेत नाहीत किंवा तोंडी उत्तर देऊन परत पाठवतात, तिथे पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीसोबत कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच जोडलेली असली की ती टाळणे कठीण होते.

ताई, तुमच्यासाठी अर्जाचा मजकूर देऊन थांबते. मा. तहसीलदार, संजय गांधी योजना शाखा, यांना असे लिहा: ‘मी आपल्या कार्यालयाच्या मंजुरीनुसार दिव्यांग प्रवर्गातून संजय गांधी निराधार अनुदान योजनेची लाभार्थी आहे. अमुक दिनांकापासून मी खासगी नोकरीत रुजू झाले असून माझे मासिक वेतन इतके आहे. त्यामुळे माझे उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा जास्त झाले आहे. तरी अमुक महिन्यापासून माझे अनुदान थांबवावे. माझे दिव्यांगत्व कायम असून यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. भविष्यात नोकरी संपुष्टात येऊन मी पुन्हा पात्र झाल्यास नव्याने अर्ज करण्याचा माझा हक्क अबाधित ठेवून ही माहिती सादर करीत आहे.’ दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. या अर्जानंतरही एखादा हप्ता खात्यात जमा झाला तर तो खर्च करू नका. तसे लगेच लेखी कळवा आणि परत भरण्याचे चलन मागून घ्या.